शिबिराआधी मोठ्यांची तपासणी

उन्हाळी शिबिराचा फलक लागण्याच्या निदान दोन महिने आधी हे काम हाती घ्यावं. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला कधी येईल ते आपल्या हातात नसतं, आणि शिबिर तोंडावर आलं की ‘ओळखीचाच माणूस आहे, चालवून घेऊ’ असं कार्यकारिणीत कुणीतरी म्हणतंच. ही कार्यपद्धती कबड्डी, खो-खोच्या मंडळासाठी लिहिली आहे. पोहण्याच्या तलावाला आणि क्रिकेट अकादमीलाही ती तशीच लागू पडेल.

यादी

मुलांशी संबंध येणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाचं नाव कागदावर उतरवा. मुख्य प्रशिक्षक सगळ्यांनाच आठवतात. सुटतात ते दुसरेच: संध्याकाळी ‘पोरांना जरा शिकवतो’ म्हणत येणारे माजी खेळाडू, मैदान राखणारे काका, व्हॅनचा चालक, मालिश करणारा, स्पर्धेला सोबत येणारे हौशी पालक. ऑगस्ट २०२४ मधल्या बदलापूरच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात आरोपी कंत्राटी सफाई कर्मचारी होता. त्यामुळे कोण मानधन घेतो आणि कोण फुकट राबतो, हे बघू नका. अध्यक्षांचा भाचा यादीत हवा, आणि स्वतः अध्यक्षही.

अर्ज आणि फोन

प्रत्येकाकडून अर्ज भरून घ्या. गेल्या दहा वर्षांतले पत्ते, आधीची मंडळं, ती सोडण्याचं कारण, आपल्यावर गुन्हा किंवा तक्रार नसल्याचं स्वयंघोषणापत्र, आणि नात्यात नसलेल्या दोघांची नावं, हे सगळं त्यात यावं. ओळखपत्र मूळ बघा, मगच प्रत घ्या.

यानंतर आधीच्या मंडळाला फोन करायचा. तोही अर्जातल्या नंबरवर नको. मंडळाचा नंबर आपण शोधून काढायचा. ‘माणूस कसा आहे?’ असं विचारलंत तर ‘चांगला आहे’ यापलीकडे काही हाती लागणार नाही. ‘ते तुमच्याकडून का गेले?’ विचारा. ‘पालकांची कधी तक्रार आली होती?’ विचारा. ‘बारा वर्षांच्या मुलींचा संघ पुन्हा त्यांच्या हवाली कराल?’ हा प्रश्न शेवटी ठेवा. त्यावर समोरचा घुटमळला किंवा विषय बदलू लागला, तर वहीत तसंच्या तसं लिहा आणि त्याच मंडळातल्या आणखी एकाला गाठा. माझ्या मते दाखल्यापेक्षा या फोनमधून जास्त कळतं, आणि नेमका हाच फोन बहुतेक ठिकाणी केला जात नाही.

पडताळणी

मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ चा. त्याखालच्या २०२० च्या नियमांत, मुलांशी नियमित संपर्क येणाऱ्या संस्थांनी आपल्या कर्मचाऱ्यांची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करावी, त्यांना बालसुरक्षेचं प्रशिक्षणही द्यावं असं म्हटलं आहे. कर्मचारी कायम असो वा कंत्राटी. अशा संस्थांमध्ये क्रीडा अकादमींचा उल्लेख नाव घेऊन आहे. हाच नियम स्वयंसेवकांनाही लावण्याचा ठराव मंडळाने करावा. चारित्र्य पडताळणीचा अर्ज महाराष्ट्र पोलिसांकडे ऑनलाइन करता येतो. माणूस दुसऱ्या जिल्ह्यात राहून आला असेल तर तिथला पत्ता लपवलेला नाही ना, हे अर्जाशी ताडून बघा. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदसूची २०१८ पासून आहे, पण ती फक्त तपास यंत्रणांना बघता येते. आपण स्वतः त्यात नाव शोधू शकत नाही. दाखला हातात येईपर्यंत त्या माणसाकडे मुलांची एकट्याने जबाबदारी द्यायची नाही. दर तीन वर्षांनी पडताळणी नव्याने करावी.

दाखल्याचा अर्थ एवढाच, की पोलिसांकडे नोंद नाही. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर याच्या लैंगिक अत्याचारांबद्दल मुली कितीतरी वर्षं सांगत होत्या, पण त्याला अटक झाली २०१६ मध्ये. तोवर कागदोपत्री तो स्वच्छच होता. म्हणून खरा भर पुढच्या गोष्टींवर हवा.

प्रशिक्षण

अर्धा दिवस काढा, यादीतले सगळे हजर हवेत. मुलाला जाळ्यात ओढणारा माणूस कसा वागतो, ते उदाहरणं देऊन सांगा: एकालाच नवे बूट घेऊन देणं, सराव संपल्यावर ‘तू थांब, तुझी चढाई सुधारू’ म्हणणं, रात्री खासगी संदेश पाठवणं, ‘घरी सांगू नकोस’ म्हणणं. यातलं काही दिसलं की कुणाला कळवायचं, तेही त्याच बैठकीत ठरवा. मुलांना संदेश पाठवायचा तो पालक असलेल्या गटावरच.

स्पर्शाबद्दल मोघम बोलू नका. कबड्डीत पकड शिकवायची तर अंगाला हात लागणारच. म्हणून आधी तोंडाने सांगायचं: ‘मी तुझा घोटा धरून दाखवतो, चालेल?’ सगळ्यांसमोर, मैदानातच. मुलाने नाही म्हटलं तर दोन खेळाडूंना एकमेकांवर पकड करायला लावून बाजूने सूचना द्यायच्या. मांडीचा स्नायू दुखावला तर बर्फाची पिशवी मुलाच्याच हातात द्यायची. मालिश बंद खोलीत नाही आणि दुसरा मोठा माणूस हजर असल्याशिवाय नाही.

एखादं मूल येऊन तक्रार सांगू लागलं तर काय करायचं, याचा मग जोड्या लावून सराव करून घ्या. एकाने मूल व्हायचं, दुसऱ्याने ऐकायचं. ‘सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी काही चूक नाही,’ एवढं म्हणून ऐकत राहायचं. ‘कुणालाच सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही, खोदून प्रश्न विचारायचे नाहीत. ऐकलेलं लगेच मुलाच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहायचं. हा सराव करताना मोठमोठी माणसं अडखळतात. इथे अडखळलेली बरी.

कायदाही स्पष्ट सांगा. अत्याचाराची शंका आली तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा कळवला नाही, तर संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. सद्हेतूने माहिती देणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. आणीबाणीचा ११२ आणि चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हे नंबर प्रत्येकाच्या फोनमध्ये तिथल्या तिथे घालून घ्या. रुग्णवाहिकेचा १०८ सुद्धा.

परगावची स्पर्धा

सगळ्यात जास्त सैल पडतं ते इथे. मुलींचा संघ असेल तर सोबत महिला हवीच. भारतीय क्रीडा प्राधिकरणानेही २०२२ मध्ये महिला खेळाडूंच्या पथकाबरोबर महिला प्रशिक्षक असण्याची सक्ती केली. मोठ्या माणसाने मुलांच्या खोलीत झोपायचं नाही. एका गाडीत एकटं मूल आणि एकटा मोठा असं बसायचं नाही; शेवटच्या मुलाला घरी सोडेपर्यंत दोघे मोठे गाडीत हवेत. निघण्यापूर्वी पालकसभेत खोल्यांची वाटणी वाचून दाखवा. तक्रार कुणाकडे करायची, ती दोन नावं फलकावर लावा. त्यातली एक व्यक्ती महिला असावी, आणि दोघांपैकी कुणीही मुख्य प्रशिक्षकांच्या नात्यातलं नसावं.

तक्रार आलीच तर

त्याच दिवशी त्या माणसाला मैदानापासून दूर करा आणि पोलिसांना कळवा. मंडळाने स्वतः चौकशी करायची नाही, दोन्ही बाजूंना बसवून मिटवायचं तर मुळीच नाही. मुलाचं नाव बैठकीच्या इतिवृत्तातसुद्धा लिहू नका. आणि ‘राजीनामा दिला, विषय संपला’ म्हणत चांगलं शिफारसपत्र देऊन त्याला शेजारच्या तालुक्यात पाठवणं हा दुसऱ्या मुलांचा विश्वासघात आहे. तिथल्या मंडळाचा फोन आला तर खरं सांगायचं.

सगळे अर्ज आणि दाखले कुलूपबंद कपाटात, किल्ली सचिवांकडे. कपाटाच्या आत एक तक्ता चिकटवा: नाव, पडताळणीची तारीख, प्रशिक्षणाची तारीख, पुढची मुदत. दर एप्रिलच्या बैठकीत तो मोठ्याने वाचा, आणि ज्याची मुदत उलटली असेल त्याची मैदानावरची पाळी नवा दाखला येईपर्यंत दुसऱ्याला द्या.