वेगाचा वारसा

उद्दिष्टे
या पाठाच्या अभ्यासानंतर विद्यार्थी
• शर्यतीच्या घोड्यांच्या आनुवंशिकतेवरील संशोधनाची दिशा सांगू शकतील;
• आनुवंशिक गुण आणि संगोपन यांचे परस्परनाते स्पष्ट करू शकतील;
• अंतःप्रजननाचे परिणाम समजावून देऊ शकतील.

मूळ पाठ
‘खाण तशी माती’ अशी मराठीत म्हण आहे. आईबापांचे गुण संततीत उतरतात, हा तिचा आशय. शर्यतीच्या घोड्यांची पैदास करणाऱ्यांनी याच समजुतीवर सुमारे तीनशे वर्षे आपला व्यवसाय उभा केला. ही समजूत कितपत खरी आहे आणि तिची किंमत कोणाला मोजावी लागते, याचा शोध विज्ञान घेत आहे.

१. वंशावळीची नोंद
शर्यतीच्या घोड्यांची जगप्रसिद्ध जात म्हणजे थरोब्रेड. मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावर आणि पुण्याच्या शर्यतींत धावणारे घोडे याच जातीचे असतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस आणि अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पूर्वेकडील देशांतून इंग्लंडमध्ये नर घोडे आणले गेले. त्यांच्या व तेथील घोड्यांच्या संकरातून ही जात निर्माण झाली. बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन हे तीन नर तिचे मूळपुरुष मानले जातात. १७९१ मध्ये या जातीची वंशनोंदवही प्रथम प्रसिद्ध झाली. पुढे नोंदणीकृत मातापित्यांच्या संततीलाच जातीत स्थान, असा दंडक रूढ झाला.

आयर्लंडमधील शास्त्रज्ञ पॅट्रिक कनिंगहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये या दंडकाचा परिणाम आकड्यांत मांडला. थरोब्रेड जातीतील ९५ टक्के पितृवंश एकट्या डार्ली अरेबियनपर्यंत पोहोचतात, तर ७२ टक्के मातृवंश अवघ्या दहा माद्यांपर्यंत जातात, असे त्यांना आढळले.

२. वेगाचे जनुक
घोड्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या ३२ जोड्या असतात. ट्वायलाइट नावाच्या थरोब्रेड घोडीच्या संपूर्ण जनुकसंचाचा आराखडा २००९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि संशोधनाला नवी वाट मिळाली. पुढच्याच वर्षी डब्लिनच्या एमेलिन हिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी मायोस्टॅटिन या जनुकाविषयी महत्त्वाचा निष्कर्ष मांडला. हे जनुक स्नायूंच्या वाढीला आवर घालते. त्याची ‘सी’ आणि ‘टी’ अशी दोन रूपे आहेत. शिंगराला एक प्रत आईकडून व एक पित्याकडून मिळते. दोन्ही प्रती ‘सी’ असलेले घोडे बहुधा कमी अंतराच्या शर्यतींत चमकतात. दोन्ही ‘टी’ असलेले लांब पल्ल्याच्या शर्यतींत टिकतात. एकेक प्रत असलेल्यांना मध्यम अंतर मानवते. मात्र कोणते अंतर मानवेल हे सांगणे वेगळे आणि घोडा जिंकेल असे सांगणे वेगळे.

३. गुण आणि संगोपन
एडिंबरा विद्यापीठातील ॲलिस्टर विल्सन आणि अँड्र्यू रॅम्बॉट यांनी २००८ मध्ये घोड्यांच्या आयुष्यभरातील बक्षिसांच्या रकमेचा अभ्यास केला. या रकमेत घोड्या-घोड्यांत जो फरक पडतो, त्यांपैकी सुमारे १० टक्केच फरक आनुवंशिक असल्याचे त्यांना दिसले. उरलेला फरक आहार, शिक्षण, स्वार, शर्यतींची निवड अशा अनेक गोष्टींमुळे पडतो. नराच्या समागमासाठी आकारले जाणारे मोठे शुल्क हीसुद्धा त्याच्या उत्तम गुणांची हमी ठरत नाही. जनुके शक्यता देतात. त्या शक्यतेचे कर्तृत्व संगोपनातून घडते.

४. अंतःप्रजननाचा धोका
तरीही यशस्वी नराच्या संततीची मागणी वाढतच गेली. २०२० मध्ये दहा हजारांहून अधिक थरोब्रेड घोड्यांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ९७ टक्के घोड्यांच्या वंशावळीत १९६१ मध्ये जन्मलेल्या नॉर्दर्न डान्सर या एकाच नराचे नाव होते. मागील पाच दशकांत अंतःप्रजनन वाढत गेल्याचेही त्यातून सिद्ध झाले.

नात्यातील नर-मादींचा संकर झाला, की एकच सदोष जनुक दोन्हीकडून संततीत येण्याची शक्यता वाढते. अन्यथा दडून राहणारा दोष मग प्रकट होतो. २०२२ मधील एका अभ्यासानुसार अंतःप्रजनन १० टक्क्यांनी वाढल्यास घोडा कधीतरी शर्यतीत उतरण्याची शक्यता ७ टक्क्यांनी घटते. म्हणजे ज्या वेगासाठी ही निवड केली, त्या वेगाची परीक्षा देण्याची संधीही अनेक घोड्यांना मिळत नाही.

यावर उपाय योजणे सोपे नाही. अमेरिकेतील वंशनोंदणी संस्थेने २०२० मध्ये एका नराकडे वर्षाला जास्तीत जास्त १४० माद्या नेण्याची मर्यादा घातली. व्यावसायिकांच्या विरोधानंतर २०२२ मध्ये ती मागे घेण्यात आली. एका मालकाचा आजचा लाभ आणि संपूर्ण जातीचे उद्याचे हित यांतील विरोध येथे उघड झाला.

५. बदललेली दिशा
आरंभी ‘सर्वांत वेगवान घोडा कोणता?’ या प्रश्नाभोवती फिरणारे संशोधन आता ‘निरोगी घोडा कोणता?’ या प्रश्नाकडेही वळले आहे. धावताना हाडे मोडण्याचा धोका आणि श्वसनाचे विकार यांमागील आनुवंशिक कारणे शोधली जात आहेत. जनुकीय चाचणीमुळे जवळच्या नात्यातील संकर टाळता येतो. परंतु चाचणी केवळ माहिती देते. निर्णय माणसालाच घ्यावा लागतो. खाणीतून सतत एकाच जागची माती काढली, तर खाणच खचते, हे भान त्या निर्णयामागे असायला हवे.

शब्दार्थ
दंडक – नियम
शिंगरू – घोड्याचे पिल्लू
जनुकसंच – सजीवाच्या पेशीतील सर्व आनुवंशिक माहिती
अंतःप्रजनन – जवळच्या नात्यातील नर-मादींपासून होणारी संतती

स्वाध्याय
१. मायोस्टॅटिन जनुकाच्या दोन रूपांचा घोड्यांवर होणारा परिणाम लिहा.
२. अंतःप्रजननामुळे दडलेले दोष प्रकट का होतात?
३. ‘खाण तशी माती’ ही म्हण शर्यतीच्या घोड्यांना कितपत लागू पडते? पाठाच्या आधारे आपले मत मांडा.