आधी कडी, मग ओरखडा

वडगाव निंबाळकरच्या आमच्या घराला आजोबांच्या वेळचं दोन फळ्यांचं सागवानी दार आहे. दार लोटलं की साखळीची कडी झुलायची आणि दर वेळी त्याच जागी घासायची. तिनं तिथे अर्धगोल ओरखडा पाडला होता. खाली उंबऱ्यापासून वीतभर लाकूड काळं, भुसभुशीत झालं होतं. घरात लग्न निघालं, आणि मी घाई केली.

ग्राइंडरला चकती लावून दार साफ करा, असं रंगाऱ्याला मीच सांगितलं. चकतीला जुनं लाकूड कळत नाही. मऊ भाग ती खाते, कठीण रेषा तशाच ठेवते. दारावर गोल खळगे पडले, गणेशपट्टीवरच्या कमळाच्या पाकळ्यांची धार गेली. खळग्यांत लांबी भरली, वर ऑइलपेंटचे दोन हात दिले. लग्नात दार झळकलं. आषाढात खालच्या रंगाला फुगे आले आणि नखानं पापुद्रे निघू लागले. दिवाळीपर्यंत कडीनं नव्या रंगावर जुनाच अर्धगोल पुन्हा काढला.

त्याहून मोठी चूक धुळीची. जुना तैलरंग कोरडा घासला जात होता आणि दोन वर्षांचा नातू ओसरीवर खेळत होता. घरगुती रंगांतल्या शिशावर दहा लाख भागांत 90 भाग ही मर्यादा आपल्याकडे 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं, आणि लहान मुलांच्या मेंदूला ते घातक आहे. असा रंग ओला करून वॉटर पेपरनं किंवा पटाशीनं काढावा, खाली प्लास्टिक अंथरावं, तोंडाला चांगला मास्क लावावा, लेकरांना त्या दिवशी दुसऱ्या घरी पाठवावं. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

पुढच्या हिवाळ्यात, लाकूड सुकल्यावर, गावातल्या म्हाताऱ्या सुतारमामांना बोलावलं. पावसाळ्यात फुगलेलं दार रंधलं तर उन्हाळ्यात फट पडते, म्हणून ते थांबले होते. "आधी कडीचं बघू, ओरखडा कुठं पळून चाललाय?" म्हणाले. कडी जिथे आपटते तिथे त्यांनी पितळी चकती ठोकली. मग दाराखाली हात घातला. फळीचं कापलेलं टोक कोरं होतं. सकाळचा सडा तिथूनच वर चढत होता. पुढून रंगानं बंद केलेला ओलावा मग रंगालाच उचलत होता.

कुजलेलं चार बोटं लाकूड कापून त्यांनी जुन्या सागाचा तुकडा रेषेला रेष जुळवून बसवला. खालच्या टोकाला तेल पाजलं. सडा आता उंबऱ्यापासून हातभर लांब टाकतो.

बाकी ओरखड्यांवर आधी नख फिरवा. नख अडकत नसेल तर तेलाचा हात पुरतो. दार दबून खळगा पडला असेल तर ओला फडका ठेवून वर गरम इस्त्री टेकवा, दबलेले तंतू उठतात. तुटलेले मात्र उठत नाहीत. घासायचंच असेल तर लाकडाच्या रेषेबरोबर, हातानं, आधी 120 नंबरचा घासकागद, मग 220. जवसाचं तेल टर्पेंटाइन घालून पातळ करा, लावून वीसेक मिनिटांनी उरलेलं पुसून घ्या. तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापतात आणि पेट घेतात, आणि आपल्या अंगणात उसाचं पाचट पडलेलं असतं. पाण्यात भिजवा किंवा उघड्यावर एकेक पसरून वाळवा.

पाकळ्यांची धार परत आली नाही. दाराची आतली बाजू तेवढी ग्राइंडरपासून वाचली होती, लग्नाआधी वेळ उरला नाही म्हणून. तिथे जुन्या रंध्याच्या बारीक लाटा अजून बोटांना लागतात. तिच्यावर मी फक्त कोरडा फडका फिरवतो.