आधी आतून बघ

चि. मुक्ता,


तुझा मेल वाचला. जुन्या बीटलच्या चॅसीवर बसवायची ड्यून बग्गीची फायबरग्लास बॉडी सॅन डिएगोत मिळतेय आणि रंग बघून तू निम्मी भाळलेली दिसतेस. भोसरीत एफआरपीच्या, म्हणजे फायबरग्लासच्याच, टाक्या करण्यात माझा जन्म गेला, म्हणून सांगतो: बाहेरची चकाकी साच्याची असते. कारागिराचा हात आतून कळतो.

तेव्हा वाकून, टॉर्च मारून आधी आतली बाजू बघ. काचेचे धागे पांढरे, कोरडे दिसले तर तिथे रेझिन पोचलेलंच नाही. उलट रेझिन साचून तळी झाली असतील तर तो भाग ठिसूळ. रोलर नीट फिरवला नसेल तर थरांत हवा अडकते, कोपऱ्यांत हमखास. मग माठ घेताना वाजवतो तशी नाण्याने सगळी बॉडी वाजवत जा. मध्येच आवाज बद्द आला तर थर सुटलेत, नाहीतर पुट्टी भरलीय. पत्र्याच्या गाडीत पुट्टी शोधायला लोहचुंबक चालतो. इथे तो मुळी चिकटतच नाही. रंगाखाली पुट्टी लपते, म्हणून रंगवलेलीपेक्षा नुसत्या जेलकोटातली, म्हणजे साच्यातून निघाली त्याच रंगाची, मिळाली तर बरं. ‘नवी आहे’ म्हणाले आणि आतून हाताला चिकट लागली, उग्र वास आला, तर माल पुरता क्युअर झालेला नाही. असली बॉडी पुढे वाकते.

बग्गीत आणखी एक भानगड आहे. ब्रूस मायर्सने १९६४ मध्ये कॅलिफोर्नियात मँक्स नावाची पहिली बग्गी केली. त्याआधी तो फायबरग्लासच्या होड्यांवर काम करायचा, हात बसलेला होता. त्याचं पेटंट कोर्टात टिकलं नाही आणि नकलांचं पेव फुटलं. काहींनी तर दुसऱ्याच्या बॉडीवरूनच साचा काढला. पॉलिएस्टर रेझिन घट्ट होताना आकसतं, त्यामुळे अशी नक्कल मुळापेक्षा किंचित लहान निघते आणि मुळातले पोचेही घेऊन येते. टेप लावून दोन्ही कर्ण मोज, बॉनेट बसवून बघ. मँक्ससाठी बीटलची चॅसी चौदा-साडेचौदा इंच कापावी लागते, काही नकलांना तशीच चालते. तुझी कुठली, ते आधी विचारून घे.

विकणारा आतून बघू देत नसेल तर सरळ परत ये, घासाघीस करत बसू नकोस. आणि पैसे देण्याआधी मला फोटो पाठव: मडगार्डखालचे आणि बोल्ट बसतात तिथले. बाहेरचे नकोत.

तुझा,
मामा