खुर्ची, तीनचाकी की स्कूटी? आधी माणूस मोजा, मग गल्ली मोजा

घराच्या मागे भिंतीला टेकवलेली, चाकातली हवा गेलेली, हँडलवर ओले कपडे वाळत घातलेली तीनचाकी सायकल आपल्या वस्त्यांत एखादी तरी असतेच. शिबिरात मिळाली, फोटो निघाला, टेम्पोतून घरी आली आणि महिन्याभरात अडगळीत गेली. शेजारीपाजारी म्हणतात, "फुकटचं होतं म्हणून किंमत नाही." मला हे अजिबात पटत नाही. त्या माणसाला बाहेर जायचंच होतं. पण सायकल त्याच्या बोळातून वळत नव्हती, किंवा ती ओढण्याइतका जोर त्याच्या खांद्यात नव्हता. त्याच्यासाठी वाहन कुणी निवडलंच नव्हतं, फक्त वाटलं होतं.

माणूस घरात अडकला की काय होतं ते नर्सच्या नजरेतून सांगते. संडासला जायची पंचाईत म्हणून तो पाणी कमी पितो. पाणी कमी म्हणून लघवीला जळजळ, मग ताप. एकाच जागी बसून कंबरेखाली जखम होते. गुडघे आखडतात आणि आखडलेले गुडघे पुन्हा सरळ होत नाहीत. कामधंदा सुटतो, चार माणसांत उठबस बंद होते, चिडचिड वाढते आणि घरातली बाई दोन्हीकडून पिचते. म्हणून वाहनाचा विषय आरोग्याच्या पानावर घेतला आहे.

आधी आजार कोणता ते बघा

पाय चालत नाहीत एवढं सांगून भागत नाही. का चालत नाहीत, यावर वाहन ठरतं.

लहानपणी पोलिओ झालेल्या माणसाचे हात बहुधा मजबूत असतात आणि पायाला स्पर्श कळतो. त्याला हाताने पेडल मारायची तीनचाकी चालते, बाजूला चाकं लावलेली स्कूटीही चालते. झाडावरून किंवा बांधकामावरून पडून मणक्याला मार लागलेल्याचं तसं नाही. त्याला कंबरेखाली काही कळत नाही, बसल्यावर तोल राहत नाही. त्याला पाठीला आधार, पट्टा आणि चांगली गादी लागते. लकव्याच्या माणसाचा एकच हात चालतो. दोन्ही हातांनी ढकलायची खुर्ची दिली तर तो गोल फिरत राहील. शिवाय काही लकव्याच्या पेशंटना एका बाजूचं भानच राहत नाही. डाव्या बाजूने रिक्षा आली तरी दिसत नाही. अशा माणसाला मोटारीचं वाहन देऊ नका, हौस कितीही असली तरी. फिट येणाऱ्यालाही नाही.

साखरेच्या आजाराने दोन्ही पाय मांडीतून काढलेल्या माणसासाठी एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. पायांचं वजन गेल्यामुळे शरीराचा भार मागे जातो आणि साधी खुर्ची चढावर मागे उलटते. अशी खुर्ची घेताना मोठी चाकं थोडी मागे सरकवून लावून घ्यावी लागतात, किंवा मागे न उलटण्यासाठी छोटी आधाराची चाकं बसवावी लागतात.

आता सिकलसेल. विदर्भातल्या आपल्या वस्त्यांना हा आजार काय असतो ते सांगायला नको. या आजारात मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो, हाड झिजतं आणि विशी-पंचविशीतली पोरं लंगडायला लागतात. पोरगा वरून धडधाकट दिसतो म्हणून त्याला हाताची तीनचाकी देतात. पण सिकलसेलमध्ये खांद्याचा गोळाही झिजू शकतो, आणि उन्हात दमून, घाम जाऊन, पाणी कमी पडून दुखण्याचा झटका येऊ शकतो. एप्रिल-मे महिन्यात हाताने पेडल मारत तीन किलोमीटर जाणं या पोरांसाठी धोक्याचं आहे. त्यांच्यासाठी बॅटरीवरचं वाहन मागा, आणि बाटलीभर पाणी सोबत ठेवायची जागा त्यात करून घ्या. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये जे २१ प्रकार धरले आहेत, त्यांत सिकलसेल आहे. "हा तर चालतो" असं म्हणून कुणी परत पाठवलं तर हे ठणकावून सांगा.

शिंप्याची टेप घेऊन गल्लीत चला

खुर्ची साधारण सव्वादोन फूट रुंद असते. हाताने चाक ढकलायला दोन्ही बाजूंना बोटं बाहेर निघतात, म्हणून दार पावणेतीन फूट तरी हवं. जागच्या जागी वळायला पाच फूट बाय पाच फूट मोकळी जागा लागते. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत पलंग, कपाट आणि गॅसची शेगडी ठेवल्यावर पाच फूट कुठून आणणार? मग खुर्ची घरात वळणार नाही हे आधीच कबूल करायचं आणि ती दारात ठेवून घरात खाली बसून सरकायचं की बाकावर बसायचं, ते ठरवायचं.

तीनचाकी खुर्चीपेक्षा लांब आणि रुंद असते. बोळाच्या तोंडाला नळाचा ओटा असेल तर ती वळत नाही. दारापासून मोठ्या रस्त्यापर्यंत सगळ्यात अरुंद जागा कोणती, उघडं गटार कुठे, वर आलेलं चेंबरचं झाकण कुठे, सार्वजनिक संडासाला पायऱ्या किती, हे कागदावर लिहून काढा. रात्री वाहन कुठे राहणार, हेही त्याच कागदावर लिहा. ज्याचं वाहन तो माणूस सोबत हवा, नाहीतर घरचे धडधाकट लोक "जातंय की" म्हणून मोकळे होतात.

उतार करायचा हिशोब सोपा आहे. एक इंच उंचीला एक फूट लांबी. उंबरा सहा इंचांचा असेल तर सहा फुटांचा उतार. विहाराला दोन पायऱ्या मिळून एक फूट उंची असेल तर बारा फूट. यापेक्षा उभा केला तर माणूस एकटा चढू शकत नाही, उतरताना खुर्ची सुटते. वस्तीतल्या गवंड्याला हा आकडा माहीत नसतो, तो घसरगुंडी करून ठेवतो. आपणच सांगायचं.

कोणतं घ्यावं

व्हीलचेअर: घर, दवाखाना, विहार आणि जवळचं दुकान एवढ्यासाठी. दवाखान्यात दिसते ती मोठी स्टीलची खुर्ची पेशंटला एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात न्यायची आहे, दिवसभर बसायची नव्हे. मापाची खुर्ची कशी ओळखायची? बसल्यावर कंबरेच्या दोन्ही बाजूंना जेमतेम तळहात जाईल एवढीच जागा हवी. गुडघ्याच्या मागे आणि सीटच्या काठात दोन बोटं अंतर हवं. पाय पायदानावर पूर्ण टेकले पाहिजेत, लोंबकळता कामा नये. बारीक बाईला मोठ्या माणसाची खुर्ची दिली की ती एका कुशीवर कलंडून बसते आणि वर्षभरात पाठीचा कणा वाकतो.

हाताची तीनचाकी: सपाट रस्ता आणि चांगले खांदे असतील तर उत्तम. पंक्चरवाला, चेन, स्पोक सगळं कोपऱ्यावर मिळतं. एका हाताने चालवायचीही येते. पण चढ असलेल्या वस्तीत ही घेऊ नका. कुष्ठरोगाने किंवा साखरेने हात बधिर झालेल्यांनी मुठीला जाड कापड गुंडाळावं आणि घरी आल्यावर तळहात बघावेत. फोड आलेला त्यांना कळत नाही.

बॅटरीची तीनचाकी: कामाधंद्याला जाणाऱ्यासाठी माझी पहिली पसंती हीच. मोटार २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, अशा मान्यता मिळालेल्या बॅटरीच्या गाडीला लायसन्स लागत नाही. मात्र बॅटरी कायमची नसते. शिशाच्या बॅटऱ्या रोज वापरल्या तर दोनेक वर्षांत बदलाव्या लागतात, तो पैसा आधीपासून बाजूला टाका. पूर्ण उतरेपर्यंत वापरू नका आणि पावसाळाभर न वापरता ठेवू नका. चार्जिंग स्वयंपाकाच्या शेगडीजवळ नको, कारण चार्ज होताना या बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. आणि रात्री गाडी दारात आडवी लावून चार्ज करू नका. घरात एकच दार असतं. आग लागली तर निघायचं कुठून?

चेन्नईच्या आयआयटी मद्रासमधून निघालेल्या निओमोशन कंपनीने खुर्चीला पुढून जोडायचं मोटारीचं चाक आणलं आहे, निओबोल्ट नावाचं. घरात खुर्ची, रस्त्यावर गाडी. कल्पना फार चांगली आहे, बोळांना तर सोयीची. आपल्या घरांना किंमत जड जाते, म्हणून त्यासाठी एखाद्या कंपनीच्या सामाजिक निधीकडे अर्ज करून पाहावा.

बाजूला चाकं लावलेली स्कूटी: पोरांची आवड ही. गिअर नसलेल्या स्कूटीचे दोन्ही ब्रेक हातात असतात, म्हणून पाय नसले तरी चालवता येते. पण खुर्चीची सीट दीड फुटावर आणि स्कूटीची सव्वादोन ते अडीच फुटांवर. एवढं वर चढायला दुसऱ्याचा हात लागणार असेल तर परतताना काय करणार? दुसरं, तीन-चार चाकांची गाडी वळणावर झुकत नाही, वेगात वळवली की बाहेरच्या बाजूला उलटते. वेग कमी करून मगच वळवायची. हेल्मेट हवंच. आरटीओत या बदलाची नोंद करा, लायसन्सही त्याच प्रकारच्या गाडीचं काढा, नाहीतर अपघात झाल्यावर विम्याचे पैसे अडतात.

मणक्याच्या पेशंटसाठी खास सांगणं: सायलेन्सरला पाय लागून भाजलेलं त्याला कळत नाही. घरी आल्यावर कातडी सोललेली दिसते आणि ती जखम भरायला महिने जातात. सायलेन्सरला जाळीचं कव्हर वेल्डिंगवाल्याकडून करून घ्या, फुल पँट आणि बूट घाला. उन्हात तापलेल्या काळ्या रेक्झिनवर थेट बसू नका. लघवीची पिशवी असेल तर तिची नळी चेनमध्ये किंवा चाकात अडकणार नाही अशी मांडीला बांधा.

गावाकडे एक-दोन एकर असेल तर

वस्तीतल्या बऱ्याच घरांचं गावाकडे थोडं शेत असतं आणि पेरणीला, काढणीला तिकडे जाणं असतं. "मी शेतात गेलो तर पोरं नीट काम करतात," हे मला अनेकांनी सांगितलं आहे, आणि त्यात मालकीचा मान आहे. पण शहराच्या रस्त्याला घेतलेलं वाहन पाणंदीत चालेलच असं नाही.

काळी माती ओली झाली की चाकाला गोळे धरते. खुर्चीची पुढची लहान चाकं तर लगेच रुततात. शेतासाठी पुढचं चाक मोठं आणि रुंद हवं, आणि पुढच्या-मागच्या चाकांत अंतर जास्त हवं. बाजूची चाकं लावलेल्या स्कूटीची वेगळी अडचण असते. बैलगाडीच्या चाकोरीत बाजूची चाकं उंचवट्यावर टेकतात, मधलं चाक अधांतरी होतं आणि जागच्या जागी फिरत बसतं. बांधावर तिरकी चढवली तर उलटलीच म्हणून समजा. बांध सरळच ओलांडायचा, तोही एकट्याने नाही.

माझं मत विचाराल तर पावसाळ्याचे चार महिने वाहन शेताच्या तोंडापर्यंतच न्यावं. तिथे झाडाखाली एक ओटा बांधावा, खुर्चीच्या उंचीचा, म्हणजे वाहनावरून सरकून त्यावर बसता येईल. पंपाचा स्टार्टर, हिशोबाची वही, बियाण्याची पोती ओट्याजवळ आणावीत. माणसाला प्रत्येक सरीपर्यंत नेण्यापेक्षा काम त्याच्यापर्यंत आणणं स्वस्त पडतं. फोन खिशात ठेवावा, गाडीच्या डिकीत नाही. पडल्यावर डिकीपर्यंत हात पोचत नाही.

कागद आणि पैसा

पहिलं काम युडीआयडी कार्ड. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर बहुतेक योजना खुल्या होतात. केंद्राची एडिप योजना १९८१ पासून चालू आहे. तिची साधनं कानपूरच्या एलिम्को या सरकारी कारखान्यातून येतात. मोटारीच्या तीनचाकीसाठी वय १६ च्या वर आणि अपंगत्व तीव्र लागतं. उत्पन्नाची अट असते, म्हणून तहसीलदारांचा चालू दाखला काढून ठेवा.

या शिबिराचे दोन दिवस असतात, एक तपासणी-मोजमापाचा आणि दुसरा वाटपाचा. लोक वाटपाला गर्दी करतात. खरा दिवस मोजमापाचा आहे. त्या दिवशी माणूस स्वतः गेला पाहिजे, आणि गल्लीचा तो कागद सोबत हवा. "मला अमुक का नको आणि तमुक का हवं" हे तिथेच लिहून द्या आणि पोच घ्या.

६५ वर्षांवरच्या आजी-आजोबांसाठी महाराष्ट्रात मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ पासून आहे. वर्षाचं उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर साधन घ्यायला ३,००० रुपये खात्यात येतात. काठी, वॉकर, कमोड खुर्ची यांना ते पुरतात. शिवाय ग्रामपंचायत असो की महानगरपालिका, तिने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के अपंगांवर खर्च करायचे असतात. ग्रामसभेत तोंडी विचारू नका, लेखी विचारा. वाहन वैयक्तिक मिळालं नाही तरी त्यातून गल्लीचा उतार, संडासाचा कठडा, गटाराची झाकणं मागता येतात, आणि ती पुढच्या दहा घरांच्या कामी येतात. ज्यांना फिरतं दुकान टाकायचं आहे त्यांनी राज्याच्या दिव्यांग वित्त महामंडळाच्या बॅटरी वाहनाच्या योजनेची चौकशी करावी.

वाहन घरी आल्यावर

पहिले पंधरा दिवस एकट्याने दूर जायचं नाही. चढणं-उतरणं शिका, ब्रेक लावल्याशिवाय बूड हलवायचं नाही ही सवय लावा. बसल्या जागी दर पंधरा ते तीस मिनिटांनी हातावर जोर देऊन बूड उचला, जमत नसेल तर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे आणि एकदा पुढे वाका. बूड, माकडहाड आणि टाचा रात्री आरशात बघा किंवा घरच्यांना बघू द्या. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर त्या जागेवर भार देणं बंद, खुर्ची बंद, आणि आरोग्य केंद्रातल्या सिस्टरला दाखवा. डागावर चोळायचं नाही, हळद-तेल लावायचं नाही. ट्यूबची किंवा थर्माकोलची रिंग घालून बसू नका, तिच्या कडांनी रक्त आणखी अडतं. चार इंची चांगला फोम आणून मापाने कापून घ्या आणि तो दबून पातळ झाला की बदला.

दर रविवारी हवा, ब्रेक, चेन आणि सैल झालेले नट बघायचे. हे काम घरातल्या शाळकरी पोराला किंवा पोरीला द्या, पाना हातात द्या. महिन्याभरात ते गॅरेजवाल्यापेक्षा चांगलं करायला लागतात.