कॅम्परच्या तळातली भोकं

प्रश्न : जुन्या ट्रॅव्हलरचा कॅम्पर करताना पलंगाच्या बोल्टसाठी तळाला आरपार भोकं पाडली. वरून सिलिकॉन भरलं, तरी पावसात प्लाय फुगला. सगळा तळ बदलावा लागेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : एवढ्यात तळ उचकटू नका. पाणी बहुधा वरून नाही, चाकांनी उडवलेलं खालून येतंय आणि भोकाच्या कापलेल्या कडेतून प्लाय ते शोषून घेतोय. तिथे वरचं सिलिकॉन काय करणार! बोल्ट काढा, सिलिकॉन पूर्ण खरवडा (त्यावर दुसरं काहीच धड चिकटत नाही) आणि प्लाय खडखडीत वाळू द्या. ओला असताना बुजवलात तर आतून कुजेल. स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. टोक सहज रुतलं तर तेवढाच तुकडा बदला. मग भोकाच्या आत पातळ इपॉक्सीचे दोन हात, पत्र्याच्या उघड्या कडेला गंजरोधक प्रायमर. स्टेनलेसचे बोल्ट बसवताना खालच्या रुंद वॉशरखालीही पीयू सीलंट भरा.

गॅस सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाचं भोक मात्र कधीही बुजवू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो तिथूनच बाहेर पडतो.