गाडीचा नंबर आणि नंबराचा हर्रास

मोंढ्यात हर्रास कसा होतो, हे जालन्याच्या शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. सोयाबीनचा ढीग पुढे असतो. व्यापारी मूठभर दाणे हातात घेतात, निरखून पाहतात आणि बोली चढत जाते. कोण किती बोलला, ते सगळ्यांना ऐकू येते. ज्याची बोली सर्वांत वर, त्याचा माल.

असाच हर्रास गाडीच्या नंबराचाही होतो. तिथे ढीग नाही, दाणे नाहीत. नुसते चार आकडे असतात आणि त्यासाठी माणसे लाखो रुपये मोजतात. हे काय गौडबंगाल आहे, ते आज पाहू.

आधी पाटी वाचू या. आपल्या जिल्ह्यात नोंदलेल्या गाडीच्या पाटीवर पहिल्यांदा एमएच ही दोन इंग्रजी अक्षरे असतात. ती महाराष्ट्राची खूण. पुढे २१ असते, ती जालन्याची खूण. शेजारच्या छत्रपती संभाजीनगरचा आकडा २०, परभणीचा २२, बीडचा २३. ही पद्धत १ जुलै १९८९ पासून आली. आपला जिल्हा त्याआधीच, १ मे १९८१ रोजी, झाला होता. हिंगोली जिल्हा १९९९ मध्ये झाला, म्हणून त्याचा आकडा एकदम ३८. त्यानंतर एक-दोन इंग्रजी अक्षरे येतात आणि शेवटी चार आकडे. ०००१ पासून ९९९९ पर्यंत नंबर संपले की अक्षर बदलते, आणि मोजणी पुन्हा ०००१ पासून. याला मालिका म्हणतात.

पाटीवरचे आकडे इंग्रजी असतात, मराठी नव्हेत. तसा नियमच आहे. नव्याने वाचायला शिकलेल्याने इथे जपावे. इंग्रजी नऊ दिसतो थेट आपल्या एकासारखा. इंग्रजी आठ दिसतो आपल्या चारासारखा. फक्त त्याचे डोके मिटलेले असते. रस्त्यावर उभे राहून दहा-वीस गाड्यांचे नंबर मोठ्याने वाचा. चार दिवसांत डोळा बसेल.

आता हर्रास. नवी गाडी घेतली की आरटीओ कचेरी ओळीने येईल तो नंबर देते. त्याला नंबराचे म्हणून जादा पैसे पडत नाहीत. पण कोणाला ०००१ हवा असतो, कोणाला ०७८६, कोणाला ९९९९. कोणी म्हणतो, आकड्यांची बेरीज नऊ आली पाहिजे. २३४० ची बेरीज करून पाहा बरे! असा पसंतीचा नंबर हवा असेल, तर सरकारने ठरवलेले शुल्क भरावे लागते. हे दर २०२४ मध्ये वाढले. मोटारीसाठी ०००१ या नंबराला आधी ३ लाख रुपये पडत, ते आता जालन्यासारख्या जिल्ह्यात ५ लाख झाले. मुंबई-पुण्याकडे ६ लाख. दुचाकीला हाच नंबर ५० हजारांना होता, तो १ लाख झाला. मोटारवाल्याला दुचाकीच्या मालिकेतला नंबर हवा असेल, तर तिप्पट!

हे झाले नुसते शुल्क. एका नंबरासाठी दोघांचे किंवा चौघांचे अर्ज आले, तर हर्रास होतो. पण तो मोंढ्यासारखा ओरडून होत नाही. शुल्काच्या वर आपण किती द्यायला तयार आहोत, तेवढ्या रकमेचा बँकेचा डीडी पाकिटात घालून पाकीट बंद करून द्यायचे. मग सर्वांसमोर पाकिटे फोडतात. ज्याचा डीडी मोठा, त्याला नंबर. बाकीच्यांचे डीडी परत. हे पैसे सरकारी खजिन्यात जातात. म्हणून कोणा मध्यस्थाच्या हातात नंबरासाठी रोख रक्कम देऊ नये, मग तो कितीही ओळखीचा असो.

बंद पाकिटात एक मेख आहे. मोंढ्यात समोरचा थांबला की आपणही थांबतो. इथे समोरचा किती घालतो ते कळत नाही. मग हट्टाने माणूस जास्तच घालतो. एकदा नंबर राखून ठेवला आणि ठरल्या मुदतीत गाडी नोंदवली नाही, तर पैसेही गेले आणि नंबरही गेला.

ही हौस फक्त आपल्याकडची नाही. २०२३ मध्ये दुबईत ‘पी ७’ हा नंबर साडेपाच कोटी दिरहमला गेला, म्हणजे शंभर कोटी रुपयांहून जास्तीला. तो पैसा गरिबांना जेवण देण्याच्या कामासाठी होता. २०२५ मध्ये हरियाणात ८८८८ या नंबरावर १ कोटी १७ लाखांची बोली लागली. पुढे बोली लावणाऱ्याने पैसेच भरले नाहीत. त्याची अनामत जप्त झाली.

श्रीमंताने आपल्या हौसेसाठी सरकारात पैसे भरले, तर आमची काही तक्रार नाही. उलट बरेच आहे. पण ट्रॅक्टरचे किंवा गाडीचे कर्ज डोक्यावर असताना नंबरासाठी आणखी कर्ज काढायचे, हे आम्हाला पटत नाही. नंबर भारी म्हणून नांगर खोल जात नाही.

आणि एक गंमत पाहा. इतके पैसे मोजून घेतलेला नंबर काही जण वाचताच येऊ देत नाहीत! ४१४१ हे आकडे असे वळवून रंगवतात की पाटीवर ‘दादा’ दिसते. २१४ चे ‘राम’ करतात. हा गुन्हा आहे, दंड होतो. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला सरकारी ठशाची, एकसारख्या अक्षरांची पाटी लागते. जुन्या गाडीलाही ती बसवावी लागते. २०२५ मध्ये तिचा दर दुचाकी व ट्रॅक्टरला ४५० रुपये आणि मोटारीला ७४५ रुपये होता, वर जीएसटी.

वाचता येणारी पाटी कशासाठी, ते अपघात झाला की कळते. अंबड रस्त्याने सायकलवर निघालेल्या माणसाला गाडी ठोकर देऊन पळाली, असे समजा. नंबर कोणालाच कळला नाही, तर २०२२ च्या योजनेप्रमाणे मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये मिळतात. त्यासाठी तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकारी यांच्याकडे अर्ज करावा लागतो. पण नंबर कळला, तर गाडीचा मालक सापडतो, विमा कंपनी सापडते. मग न्यायाधिकरणात माणसाचे वय आणि कमाई पाहून भरपाई ठरते. ती कितीतरी जास्त असू शकते.

म्हणून असा प्रसंग समोर घडला, तर आधी ११२ ला फोन करा. पाटीवरचे शेवटचे चार आकडे पहिल्यांदा ध्यानात धरा. मग २१ की २० ते पाहा. गाडीचा रंग आणि ती कोणत्या दिशेला गेली तेही पाहा. कागद नसेल तर तळहातावर लिहा, पण लगेच लिहा.