फ्रीझरमधला बर्फ आणि दिराचा स्क्रूड्रायव्हर

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात वसई-विरारच्या मासळीबाजारांत जी झुंबड उडते ती त्या दिवशीच्या कालवणासाठी नसते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. अर्नाळा, पाचूबंदर, नायगावच्या बोटी किनाऱ्याला लागतात आणि घरोघरी दोन महिन्यांची बेगमी सुरू होते. पूर्वी बेगमी म्हणजे सुके बोंबील, जवळा, सोडे. डब्यात भरून माळ्यावर ठेवले की काम संपलं. आता त्याच्या जोडीला पापलेट, सुरमई, कोलंबी फ्रीझरमध्ये जाते. फ्रीझर ठासून भरतो, पाऊस सुरू होतो, आणि जुलै उजाडेपर्यंत त्या वीतभर कप्प्यात बर्फाच्या भिंती उभ्या राहतात. मग कुणीतरी सुरी उचलतं.

आमच्याकडे सुरी नव्हती, स्क्रूड्रायव्हर होता. आगाशीला सासूबाईंच्या घरी एका दाराचा फ्रीज. पावसाळ्यातला रविवार, जेवायला पाहुणे येणार, आणि पापलेटाची पिशवी तळाच्या बर्फात रुतून बसलेली. मी म्हटलं, "भावोजी, फ्रीज बंद करून तासभर थांबू या." धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, दोन मिनिटांचं काम आहे." खरोखरच दोन मिनिटांत झालं. पिशवी निघाली, आणि तिच्यामागोमाग फुस्स असा बारीक आवाज आला. पापलेटं छान झाली. संध्याकाळी दूध फाटलं. कॉम्प्रेसर अखंड चालू, आणि आत बाहेरच्याइतकीच गरमी.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला, कप्प्यात टॉर्च मारला आणि म्हणाला, "चिलर पंक्चर." त्याने भोकावर लांबी लावली, गॅस भरला, पैसे घेतले. गणपतीच्या आधी फ्रीज पुन्हा गरम. दुसऱ्या मेकॅनिकनेही गॅसच भरला. शेवटी फ्रीज भंगारात गेला. एवढा सगळा खर्च एका पिशवीच्या घाईपायी झाला. तेव्हापासून नात्यात कुणाच्या फ्रीझरमध्ये बर्फ साचला की फोन मला येतो, म्हणून त्या फोनवर मी जे सांगते ते इथे लिहिते.

आधी हे समजून घ्या की तो कप्पा म्हणजे नुसता पत्र्याचा डबा नव्हे. एका दाराच्या बहुतेक फ्रीजमध्ये ॲल्युमिनिअमचे दोन पातळ पत्रे एकमेकांवर दाबून बसवलेले असतात आणि त्यांच्यामधून गॅसच्या नळ्यांचं जाळं काढलेलं असतं; यालाच चिलर म्हणतात. आतून हात फिरवला तर त्या नळ्यांचे उंचवटे बोटांना लागतात. म्हणजे तुमच्या सुरीचं टोक आणि गॅस यांच्यामध्ये उरतो तो मिलिमीटरच्या आसपास जाडीचा मऊ पत्रा. बर्फाखाली नळी कुठून गेली आहे ते दिसत नाही, आणि जिथे पिशवी सर्वांत घट्ट चिकटते तिथेच बहुधा नळी असते, कारण तिथेच सर्वांत जास्त थंडी असते.

अलीकडच्या बऱ्याच घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए नावाचा गॅस असतो, म्हणजे आयसोब्युटेन. तो उणे १२ अंशांच्या आसपास उकळतो. फ्रीज चालू असताना चिलरमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, त्यामुळे चालू फ्रीजला भोक पडलं तर गॅस बाहेर येण्याआधी बाहेरची दमट हवा आणि वितळलेलं पाणी आत खेचलं जातं. मग नुसतं भोक बुजवून भागत नाही. ते पाणी कॉम्प्रेसरच्या तेलापर्यंत पोचलेलं असतं. गॅस भरणारा माणूस फिल्टर बदलत नसेल आणि पंपाने व्हॅक्यूम करत नसेल तर त्याला चहा देऊन निरोप द्यावा. आमच्याकडे आलेल्या दोघांनीही यातलं काही केलं नव्हतं, हे मला फार नंतर कळलं. शिवाय ॲल्युमिनिअमवरची लांबी थंडी-गरमीच्या आकुंचन-प्रसरणात पुष्कळदा सुटते. चिलर बदलून मिळत असेल तर बदलावा. नसेल तर जुन्या फ्रीजवर आणखी पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

हा गॅस ज्वालाग्राही आहे. फ्रीजच्या मागे, कॉम्प्रेसरजवळच्या चिकटपट्टीवर गॅसचं नाव असतं. आर-६००ए असेल तर ज्वालेचं चिन्हही असतं. घरगुती फ्रीजमध्ये तो फार थोडा असतो, पण आपले फ्रीज स्वयंपाकघरात, शेगडीपासून चार हातांवर. फुस्स ऐकू आलं तर शेगडी पेटवू नका, पेटलेली असेल तर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, आणि त्या खोलीतलं कुठलंही बटण चालू-बंद करू नका. वीज तोडायची तर खोलीबाहेरच्या मेन स्विचवरून.

आता बर्फ येतो कुठून? नवरे मंडळींचा आवडता सिद्धांत असा की फ्रीज "जास्त कूलिंग करतोय". तसं नाही. बर्फ म्हणजे आपल्या घरातल्या हवेतलं पाणी. जुलैत वसईच्या एक घनमीटर हवेत वीस-बावीस ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. उणे १८ अंशांची हवा जेमतेम एक ग्रॅम धरू शकते. दार उघडलं की आतली जड गार हवा पायांवर सांडते आणि तिच्या जागी ही ओली हवा शिरते. तिच्यातलं जवळजवळ सगळं पाणी सर्वांत गार पृष्ठभागावर, म्हणजे चिलरवर, जाऊन बसतं. एका उघडण्याला ग्रॅम-दोन ग्रॅम. दिवसभर "आज काय करायचं" म्हणत दार उघडून उभं राहणारं घर असेल तर महिन्याचा हिशेब तुम्हीच करा.

तो भुसभुशीत पांढरा थर चिलरवर गोधडी पांघरल्यासारखा बसतो. त्यात हवा अडकलेली असते, म्हणून थंडी बाहेर येत नाही, कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो, बिल वाढतं, आणि खालच्या कप्प्यातलं दूध मात्र नासतं. थर पाच-सहा मिलिमीटर झाला की बर्फ काढायची वेळ आली. यापुढे थांबलात तर दीर येतात.

काढायची रीत कंटाळवाणी आहे, पण दुसरी नाही. एका दाराच्या फ्रीजमध्ये थर्मोस्टॅटच्या फिरत्या बटणाच्या मधोमध आणखी एक छोटं बटण असतं. ते दाबलं की कॉम्प्रेसर थांबतो आणि चिलर पुरेसा गरम झाला की ते आपोआप बाहेर येऊन फ्रीज पुन्हा सुरू होतो. हे बटण कशासाठी असतं ते पंधरा-पंधरा वर्षं फ्रीज वापरणाऱ्या बायकांनाही ठाऊक नसतं, असा माझा अनुभव. थर पातळ असेल तेव्हा रात्री बटण दाबून झोपा, सकाळी चिलरखालचा ट्रे आठवणीने रिकामा करा. थर जाड झाला असेल तर बटणाने काम होत नाही. प्लग काढा, दार उघडं ठेवा, खाली जुने टॉवेल अंथरा.

घाई असेल तर पातेल्यात गरम पाणी घेऊन ते कप्प्यात, जाड फडक्यावर ठेवा आणि झडप लोटून घ्या. ८० अंशांचं एक लिटर पाणी शून्यापर्यंत गार होताना जेवढी उष्णता सोडतं तेवढ्यात एक किलो बर्फ वितळतो. निम्मी वाया गेली धरली तरी दोन-तीन पातेल्यांत फरक दिसतो. उकळतं पाणी थेट ओतू नका, प्लॅस्टिक तडकतं. केस वाळवायचा ड्रायर तर नकोच: खाली पाणी, हातात वीज. टेबलफॅन हवा असेल तर तो लांब, कोरड्या जागी ठेवा आणि वारा कप्प्यावर येऊ द्या. आपल्याकडच्या ३० अंशांच्या हवेत तेवढं पुरतं.

मीठ टाकण्याचा सल्लाही फिरतो. मिठागरांच्या गावात मीठ स्वस्त, त्यामुळे हात सैल सुटतो. बर्फ झटपट सुटतो हे खरं, पण खारं पाणी ॲल्युमिनिअम खातं. सुरीने एका क्षणात होतं ते मीठ सावकाश करतं.

तोवर मासळीचं काय? मासळीवाल्यांकडचा थर्माकोलचा खोका झाकणासकट घरी ठेवावा. पिशव्या वर्तमानपत्रात गुंडाळून एकमेकींना चिकटवून त्यात भरल्या, वर थोडा बर्फ टाकला, की काही तास काळजी नाही. खरं तर हे सगळं मेच्या मध्यावर, फ्रीझर रिकामा असतानाच करायचं काम आहे. भरताना पिशव्या थेट चिलरवर टेकवू नयेत. खाली प्लॅस्टिकचा ट्रे ठेवावा. मासळी धुऊन, निथळून, हवा काढून एका जेवणापुरती बांधावी. कोलंबी डब्यात बुडेल एवढ्या पाण्यात गोठवली तर महिन्यानंतरही ताठ राहते. उघडी ठेवलेली मासळी सुकून पांढरे डाग पडतात, आणि तिच्यातून उडालेलं पाणीही शेवटी चिलरवरच जाऊन बसतं.

बर्फ काढल्यावर आठ-पंधरा दिवसांत पुन्हा तेवढाच झाला, तर दोष दाराचा. दाराच्या रबरात कागद अडकवून दार लावा आणि कागद ओढा. सहज निसटला तर तिथून हवा शिरते. चारी बाजूंनी पाहा, बिजागरीकडची बाजू विसरू नका. रात्री दिवे घालवून, मोबाइलचा टॉर्च आत चालू ठेवून दार लावलं तर फट उजेडानेच सापडते. पावसाळ्यात रबराच्या घडीत काळी बुरशी आणि दुधाचे ओघळ साठतात, त्यामुळेच ते बसत नाही. साबणाच्या कोमट पाण्याने पुसा. दबलेल्या जागी गरम पाण्यात पिळलेलं फडकं धरून ठेवलं की रबर पुष्कळदा पूर्वीसारखं फुगतं. फाटलं असेल तर बदला. नव्या रबराचा खर्च गॅस भरण्याच्या मानाने काहीच नाही. आणि फ्रीज पुढच्या बाजूने किंचित उचललेला हवा, म्हणजे दार आपल्या भाराने लागतं. आमच्या बाजूच्या कितीतरी इमारतींत फरशीच कललेली असते. बिल्डरला शिव्या घालून झाल्या की पुढचे पाय फिरवून फ्रीज नीट करावा.

थर्मोस्टॅट कायम शेवटच्या आकड्यावर ठेवणं हीही खास आपली सवय. तो आकडा म्हणजे अंश नव्हेत. शेवटच्या आकड्यावर कॉम्प्रेसर थांबतच नाही, बर्फ वाढत जातो आणि खालची कोथिंबीर गोठते. मधला आकडा पुरतो.

दोन दारांच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये मुळात बर्फ दिसायलाच नको. तिथे चिलर मागच्या पॅनेलआड असतो आणि ठरावीक वेळाने हीटर त्याच्यावरचा थर वितळवतो. पॅनेलवर बर्फ दिसू लागला, पंखा बर्फाला घासून खरखरला, वर गोठतंय पण खाली गार होत नाही, अशी लक्षणं दिसली तर हीटर, टायमर किंवा सेन्सर गेलेला असतो. फ्रीझरच्या तळाला किंवा भाजीच्या ड्रॉवरखाली पाणी साचत असेल तर पाणी जायची नळी तुंबली आहे. फ्रीज पूर्ण रिकामा करून, प्लग काढून, दोन्ही दारं उघडी ठेवून एक दिवस जाऊ द्या. नळी तुंबली असेल तर एवढ्याने सुटू शकते. आठवडाभरात बर्फ परतला तर मीटर घेऊन येणारा मेकॅनिक बोलवा आणि "गॅस कमी आहे" एवढ्यावर विश्वास ठेवू नका. आधी हीटर तपासायला सांगा.

राहिली वीज. १० जुलै २०१८ ला नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, गाड्या थांबल्या, वसई-विरारमध्ये ठिकठिकाणी वीज गेली. त्या दिवसांत मी पाहिलेलं असं, की लोक मासळी टिकली आहे का हे बघायला तासातासाला फ्रीझर उघडत होते, आणि म्हणूनच ती टिकली नाही. न उघडलेला, गच्च भरलेला स्वतंत्र फ्रीझर दोन दिवसांपर्यंत गार राहतो, अर्धा भरलेला एक दिवस; एका दाराच्या फ्रीजचा छोटा कप्पा त्याहून कमी. वीज आल्यावर मासळीत बर्फाचे कण शिल्लक असतील तर ती पुन्हा गोठवता येते, चव थोडी जाते इतकंच. मऊ पडून कोमट झालेली टाकून द्यावी, कितीही महाग असो. वितळून पुन्हा गोठलेलं पाणी तळाशी काचेसारखी लादी करतं आणि पिशव्या तिच्यात रुततात; तिथे गरम पाण्याचं पातेलं, दुसरं काही नाही. वीज ये-जा करत असेल तर प्लग काढून ठेवा आणि ती स्थिर झाल्यावरही चार-पाच मिनिटांनी लावा, नाहीतर कॉम्प्रेसरला दाबाविरुद्ध सुरू व्हावं लागतं. तळमजल्यावर राहणाऱ्यांच्या फ्रीजमध्ये पुराचं पाणी शिरलं असेल, तर तो बाहेरून सुकलेला दिसला तरी प्लग लावू नका. मागचा रिले आणि कॉम्प्रेसरची जोडणी उघडून, वाळवून, तपासून घेतल्याशिवाय नाहीच.